दुपार कुणाची?

मैत्रिणींनो,



हा अंक मुलींच्या उच्च शिक्षणावर काढायचा, असं आपल्या बैठकीत ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नेहमीचे मुद्दे होते. फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, लवकर होणारी लग्नं. संपादकीयात काय लिहायचं हेही जवळजवळ पक्कं होतं. पण मधे एकदा उरणची बैठक आटोपून मी करंजाहून तरीनं रेवसला उतरले आणि तिथून पुढे एसटीनं अलिबागला गेले. त्या तासाभराच्या प्रवासानं माझे मुद्दे जागचे हलवले. म्हणून आज थोडं वेगळंच तुमच्यापुढे मांडते आहे.

रेवसचा धक्का तुमच्यापैकी अनेकजणींनी पाहिला असेल. समोर करंजा, मधे धरमतरची खाडी, एका अंगाला खारफुटी आणि शेजारी बोडणीचा कोळीवाडा. सकाळच्या गाडीत मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका होत्या आणि पाठीला सॅक लावलेल्या सात-आठ मुली. कुणी बी.कॉम.ला, कुणी बी.ए.ला, एकजण आयटीआयला, एकजण कॉम्प्युटरच्या कोर्सला. कॉलेजं वेगवेगळी, गाडी मात्र एकच. गप्पा सुरू झाल्या. मी आपला कार्यकर्तीचा ठरलेला प्रश्न विचारला, “कॉलेजात सगळ्यात जास्त काय आवडतं?”

मला वाटलं, एखादा विषय सांगतील, एखाद्या बाईंचं नाव घेतील. जरा वेळ कुणी बोललं नाही. मग आयटीआयवाली म्हणाली, “परतीची गाडी लागेपर्यंत आम्ही स्टँडवर बसतो ना, ते.” बाकीच्या हसल्या आणि लगेच माना डोलावल्या. त्यांचा सगळा घोळका तेवढाच वेळ एकत्र असतो. शेंगदाणे खायचे, कुणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी बघायचं, एकमेकींची चेष्टा करायची. बास, एवढंच. त्यांचं कॉलेजजीवन ते हेच, आणि तेही कॉलेजच्या बाहेर, एसटी स्टँडच्या बाकावर.

का, तर घरून परवानगी असते ती चारच्या गाडीची. पुढची गाडी नाही असं नाही, पण त्या गाडीनं यायचं नाही. त्यामुळे शेवटचा तास संपला की धावत सुटायचं. नाटकाची तालीम पाचला, गाण्याची तयारी पाचला, कबड्डीचा सराव संध्याकाळी, वक्तृत्व मंडळ वर्ग सुटल्यावर. एकीची युवा महोत्सवातल्या एकांकिकेसाठी निवड झाली होती. चार दिवस तालमीला गेली, पाचव्या दिवशी नाव काढून घेतलं. “भूमिका छोटीच होती,” असं ती मलाच समजावल्यासारखं म्हणाली. दुसरीनं राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं आहे. वर्षाचे एकशेवीस तास ती कसेबसे भरते, पण सात दिवसांचं निवासी शिबिर आलं की घरात आजारपण निघतं. कधी आजीचं, कधी आईचं.

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी आठवला तो आपलाच एक कार्यक्रम. काही वर्षांपूर्वी 8 मार्चला जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आपण सभा घेतली होती. मी स्वतः भाषण केलं. रस्त्यावर, रात्रीवर, सार्वजनिक जागेवर बाईचाही हक्क आहे, असं मोठ्या तावातावानं बोलले. टाळ्याही पडल्या. सभेची वेळ होती संध्याकाळी पाचची. म्हणजे गावाकडून येणारी एकही मुलगी त्या सभेत नव्हती. आम्ही रात्रीवरचा हक्क मागत होतो आणि जिला अजून दुपारही मिळालेली नाही ती आमचे फलक लागत असतानाच गाडी पकडायला पळत होती. आमच्यापैकी एकीच्याही हे लक्षात आलं नाही. आज ते लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पुढे कॉलेजला गेल्यावर मासिक पासात विद्यार्थ्यांना दोनतृतीयांश सवलत मिळते. मार्च 2023 पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं, ज्या घराचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे अशा ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. या गोष्टी आपल्या मागण्यांतूनच आल्या आहेत, त्यांचं मोल कमी लेखू नये.

पण या साऱ्या योजना दोनच गोष्टी धरतात. पैसा आणि अंतर. मुलीच्या दिवसातले तास कुणी मोजत नाही. पहाटे उठून भाकऱ्या करून निघायचं, संध्याकाळी घरी येऊन पाणी भरायचं, धाकट्यांचं बघायचं, आणि या दोहोंच्या मधला जो काळ तो फक्त तासांना बसण्यापुरता मोजून दिलेला. फी माफ झाली, प्रवास स्वस्त झाला, पण वेळ मात्र घराच्याच मालकीचा राहिला. मुलीला शिकायला पाठवणं आता गावाला मान्य आहे, नव्हे, प्रतिष्ठेचं आहे. तिनं शिकता शिकता थोडं रेंगाळणं मात्र अजून कुणालाच मान्य नाही.

आणि रेंगाळण्यातच तर निम्मं शिक्षण असतं! मुलगे कट्ट्यावर बसतात तेव्हा ते नुसता टाइमपास करत नसतात. कुठे भरती निघाली, कुठला फॉर्म कधी भरायचा, कुठल्या सरांना भेटलं की काम होतं, कुठल्या दुकानात अर्धवेळ नोकरी आहे, हे सगळं कट्ट्यावर कळतं. मतभेद कसा मांडायचा, हरल्यावर हसायचं कसं, चारजणांना गोळा कसं करायचं, हे तिथेच अंगवळणी पडतं. उद्या ग्रामपंचायतीत उभं राहायला, बचतगटाच्या बँकेत भांडायला हेच लागतं. पदवी दोघांना सारखीच मिळते, पण हे दुसरं शिक्षण एकालाच मिळतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांविषयी लिहिलेलं ‘व्हाय लॉयटर’ हे पुस्तक 2011 साली आलं, त्याचं म्हणणंही हेच होतं की, बाईला विनाकारण बाहेर असण्याचा हक्क हवा. ते वाचताना ही शहरातली गोष्ट आहे असं आपल्यातल्या काहीजणींना वाटलं होतं. मला वाटतं, ती रेवसच्या गाडीतलीही गोष्ट आहे.

या मुलींचं कॉलेज किती नाजूक दोरीवर लटकलेलं असतं ते आपण अलीकडेच पाहिलं. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली. राज्यात ती प्रत्यक्ष उघडली ऑक्टोबर 2021 मध्ये, आणि त्याच सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. कामगारांच्या मागण्या खऱ्याच होत्या, त्यांच्या बाजूनं आपण पत्रकही काढलं. पण ज्या घरात दुचाकी होती ती मुलाला मिळाली आणि मुलगी घरी बसली. मोबाइल एकच होता तो आधी भावाच्या हातात गेला. त्या काळात किती घरांत ‘आता काय, पुढच्या वर्षी बघू’ म्हणत लग्नं उरकली गेली, ते आपल्या वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

आता यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं, तेही बघू. ‘घरबसल्या शिका.’ यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून किती संसारी बायकांना त्यानं पदवीचं दार उघडून दिलं! त्याबद्दल कृतज्ञताच आहे. जिचं शिक्षण सुटलं तिला ते हवंच. पण अठरा वर्षांच्या मुलीला वडील जेव्हा म्हणतात की, सगळं मोबाइलवर शिकता येतं, कशाला रोज एवढं जायचं, तेव्हा मला धडकी भरते. कारण मग ती पदवीधर होईल आणि तिला एकही मैत्रीण नसेल. उंबऱ्याच्या आत राहून पदवी घेता येते, हे सासरघरांनाही सोयीचंच आहे.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे जास्त चांगलं कळलं होतं की काय, असं वाटतं. सावित्रीबाई-जोतीरावांनी 1848 मध्ये शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवा मुलींना नुसतं शिकवायला नव्हे, तर एकत्र राहायला. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. आज विद्यापीठांतून चालणारी ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच परंपरेतली. पण त्या बोर्डिंगची चूल कोण सांभाळत होतं? लक्ष्मीबाई पाटील. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा त्यांनी मोडलं. 1930 मध्ये त्या गेल्या. विद्यार्थ्यांना आधार द्यायचा तर तो कुणाच्या तरी श्रमावर उभा असतो, आणि ते श्रम बहुधा बाईचे असतात. रेवसच्या मुलींचं कॉलेजही कुणाच्या तरी श्रमावरच उभं आहे.

कुणाच्या, ते मला परतीच्या प्रवासात कळलं. मी मुद्दाम त्यांच्याच चारच्या गाडीनं परत आले. त्यातल्या एकीच्या घरी चहा झाला. आई मासळी विकते. पहाटे लिलाव, मग बाजार. मी जरा चाचरतच विषय काढला की, हिला नाटकात घेतलं होतं, एखाद दिवस उशीर झाला असता तर? आई चिडली नाही. म्हणाली, “बाई, मी बाजारातून रात्री नऊला येते तवा मला कुणी इचारत नाय. पोर पाचला आली नाय तर अख्खा गाव इचारतो.”

मी हे वाक्य घेऊनच घरी आले. बाईनं कष्टासाठी अंधारात बाहेर असावं, याला कुणाची हरकत नाही. भात लावताना, कोळंबी सोलताना, धुणीभांडी करून परतताना घड्याळ कुणी बघत नाही. तिनं आनंदासाठी, शिकण्यासाठी, चार मैत्रिणींसाठी अर्धा तास जास्त घेतला की गावाची इज्जत जागी होते. मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न खोटा नाही, छेडछाड होतेच, आईची काळजी खरीच असते. पण प्रश्न नुसता सुरक्षिततेचा असता तर तो आईसाठीही विचारला गेला असता. तो मुलीलाच विचारला जातो, म्हणजे तिथे राखण कशाची चालली आहे ते उघड आहे.

मग आपण काय करायचं? भाषणं पुरे झाली, आता कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे, घराचं घड्याळ बदलायला वेळ लागेल, कॉलेजचं घड्याळ उद्या बदलता येईल. आठवड्यातून तीन दिवस मधला एक तास मोकळा ठेवा आणि तालमी, मंडळं, खेळ, सभा त्या तासात घ्या, अशी मागणी प्रत्येक कॉलेजात करू या. याला पैसा लागत नाही, परिपत्रकही लागत नाही. आणि आपल्या स्वतःच्या सभासुद्धा यापुढे चारच्या गाडीच्या आधी संपतील, असा ठराव आपण केला आहे.

दुसरं, मुलींची खोली. मी शिकत होते त्या कॉलेजात ‘लेडीज कॉमन रूम’ अशी पाटी होती, दाराला कुलूप होतं आणि आत कुस्तीच्या गाद्या होत्या. किल्ली शिपायाकडे मागावी लागे, म्हणून कुणी मागतच नसे. आज किती ठिकाणी याहून वेगळं चित्र आहे? उघडी खोली, पिण्याचं पाणी, पाणी असलेला संडास, पॅड टाकायची सोय. गाडीतल्या एका मुलीनं सांगितलं की, ती सकाळपासून पाणी पीतच नाही, म्हणजे जायची वेळ येत नाही. अशी मुलगी दुपारच्या तासाला डोकं धरून बसली तर तिला अभ्यासात रस नाही म्हणायचं का? काहीजणी म्हणतील, वेगळी खोली म्हणजे पुन्हा वेगळं कोंडणंच नाही का? मला तसं वाटत नाही. खोली ही पाय टेकायला असते. तिथून उठून मुली कट्ट्यावरही बसतील, बसल्याच पाहिजेत.

तिसरं, तक्रार समिती. विशाखा निकाल 1997 चा, कायदा 2013 चा, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे कॉलेजांसाठीचे नियम 2015 चे. विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रार असेल तर समितीवर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, असं त्या नियमांत आहे. आपल्या गावच्या कॉलेजात समितीची नावं भिंतीवर लागली आहेत का, एवढं एक काम प्रत्येक गटानं या तिमाहीत करावं. मुलीला आपलं ऐकणारं कुणीतरी आहे हे माहीत असलं की घरी सांगायचं धाडसही येतं. नाहीतर ती तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की पहिल्यांदा बंद होतं ते तिचंच कॉलेज.

चौथं मला सगळ्यात जवळचं वाटतं. ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. 2013-14 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं तशी योजना आणली: आसपासच्या कामधंद्याशी जोडलेले, कमी मुदतीचे, घराजवळ घेता येतील असे अभ्यासक्रम. ही कल्पना आपल्याला अगदी परकी नव्हती. 1967 साली मुंबईत वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं. तिथे कामगारांनी आपल्या सोयीच्या वेळी येऊन आपल्याला हवं ते शिकावं, असा विचार होता. आजची जन शिक्षण संस्थानं ही त्याचीच पुढची पायरी. पण या सगळ्यांत बायकांच्या वाट्याला येतं काय? शिवण, मेंदी, ब्यूटी पार्लर. ते वाईट नाही, त्यावर अनेकींची घरं चालतात. पण बोडणीच्या बाईला बर्फ, मासळीची साठवण, लिलावाचा हिशेब, मच्छीमार सोसायटीचे नियम, कर्जाचे कागद हे शिकायला का मिळू नये? आणि ते तिनं आपल्या मुलीच्याच कॉलेजात, दुपारी, तिच्याच बाकावर बसून का शिकू नये?

विचार करा, ज्या दिवशी आई स्वतः त्या आवारात आठवड्यातून दोनदा जाऊ लागेल त्या दिवशी कॉलेज ही तिच्यासाठी परकी, संशयाची जागा उरणार नाही. तिला माहीत असेल की पाचची तालीम म्हणजे काय, कोण बाई घेतात, दिवा कुठे आहे, रस्ता कुठे अंधाराचा आहे. मायलेकी एका गाडीनं परततील आणि गावानं विचारलं तर उत्तर द्यायला दोघी असतील. समाजासाठी कॉलेज म्हणायचं तर समाज म्हणजे कोण? सरपंच आणि देणगीदार एवढेच नव्हेत. पाटी घेऊन उभी असलेली ती बाई म्हणजेच समाज.

रेवसला आता वेगळे वारे आहेत. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे 1980 च्या सुमारापासून, रेवस-करंजा पुलाचं बोललं जातंय. आता त्याचं काम हाती घेतलं गेलं आहे. मांडव्याला 2020 पासून गाड्या वाहणारी रो-रो बोट येते. जमिनींचे भाव चढले, बंगले उठले. पूल झाला की मुंबई दारात येईल, असं सगळे सांगतात. येईलही. पण त्या बंगल्यांत झाडलोट करायला कोण जाणार आणि त्यांचे हिशेब, नकाशे, करारमदार कोण करणार, हे आजच ठरतं आहे, त्या चारच्या गाडीत. पुलावरून माणसं लवकर पोचतील. मुलींना घरी आणखी लवकर पोचायला सांगितलं गेलं, तर त्या पुलाचा त्यांना उपयोग काय?

याच तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमीन पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला होता. सहा वर्षं! उपाशीपोटी, बायकापोरांसह. त्या मातीतल्या लेकींना दुपारचा एक तास मिळवून देणं आपल्याला जड जाऊ नये.

पुढच्या अंकासाठी तुमच्याकडून लेख नको, हकिगती हव्यात. तुमच्या भागातल्या पाच कॉलेजकन्यांना विचारा, वर्ग सुटल्यावर तू किती वेळ थांबू शकतेस आणि थांबलीस तर कुठे बसतेस? त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. आपण ते सगळं एकत्र करून कॉलेजांकडे आणि एसटीकडे घेऊन जाऊ.

मी पुढच्या महिन्यात पुन्हा रेवसला जाते आहे. या वेळी भाषण नाही. स्टँडवरच्या त्या बाकावर मुलींसोबत बसणार आहे. त्यांनी मला शेंगदाण्याचं निमंत्रण दिलं आहे.

तुमची,

संपादक मंडळाच्या वतीनं